राणीचा रंगमहाल

आमच्या घोडीचं नाव राणी. घोडी बायकोची, ट्रेलर माझा. ही वाटणी नेमकी कधी झाली ते आठवत नाही, पण घोडीचं कौतुक तिकडे जातं आणि ट्रेलरच्या पत्र्याला आलेली टेंगळं माझ्या वाट्याला येतात.

राणीला प्रवासाचं वावडं आहे असं नाही. चाकं फिरत असतात तोवर ती चारही पाय फाकवून, वळणावर तोल सांभाळत शहाण्यासारखी उभी असते. गाडी थांबली की मात्र बाईसाहेबांचा धीर सुटतो. पहिल्या मिनिटाला फुरफुरणं, दुसऱ्या मिनिटाला खूर आपटणं आणि तिसऱ्या मिनिटाला दुगाणी. साडेचारशे किलोचं जनावर, पायाला नाल आणि समोर अॅल्युमिनिअमचा पातळ पत्रा. बाहेर असा आवाज होतो की आत कोणी रिकामी पिंपं फोडत बसलंय. सिग्नलला शेजारच्या गाडीतली माणसं काच खाली करून माझ्याकडे टक लावून बघतात. उतरून ‘आत घोडी आहे हो, माणूस नाही’ असं सांगावंसं वाटतं, पण तेवढ्यात दिवा हिरवा होतो आणि संशय तसाच राहतो.

एका दुगाणीने पत्र्याला चीर गेली, तेव्हा बायको म्हणाली, “तिच्या पायाला धार लागली असती म्हणजे?” पत्र्याची चौकशी कोणी केली नाही. भिंतींना आतून रबर लावायचं ठरलं. मी एखाद्या कारागिराला बोलवायच्या विचारात होतो, पण मेहुणा तिथेच बसला होता.

“दाजी, अर्ध्या दिवसाचं काम आहे. मी येतो की.”

अर्धा दिवस हे त्याचं ठरलेलं माप आहे. आमच्या मोरीतला नळही त्याने अर्ध्या दिवसात बदलला होता. तो आठवडाभर आम्ही शेजाऱ्यांकडे आंघोळीला जात होतो.

रबर म्हटलं की डोळ्यांपुढे खोडरबर येतं, तिथेच माणूस फसतो. ६ फूट बाय ४ फूट, १२ मिलिमीटर जाडीची एक शीट तीस-पस्तीस किलो भरते. वजनाचंही एक वेळ चालेल, पण पोत्याला धरायला निदान कान असतात. रबराला तेही नाहीत. खांद्यावर घेतलं की दोन्हीकडे लोंबतं, उभं केलं की कमरेत वाकतं आणि भिंतीला टेकवलं की लांबच्या प्रवासाहून आलेल्या पाहुण्यासारखं हळूहळू खाली बसतं. कापताना कोरडं पातं असं घट्ट धरून ठेवतं की दोघांनी ओढावं. शीटखाली लाकडी पट्टी घालून चीर उघडी ठेवायची आणि पातं साबणाच्या पाण्यात बुडवत राहायचं, म्हणजे लोण्यासारखं कापलं जातं, हे आम्हाला समजलं. फक्त समजलं तेव्हा शेवटची शीट उरली होती.

चिकटवायचं सोल्यूशन मेहुण्याच्या ताब्यात होतं. ते रबराला लावायचं, पत्र्यालाही लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं आणि मग शीट एकदाच, बरोबर जागी टेकवायची. टेकली की टेकली, नंतर सरकवणं नाही. “दाजी, जरा वर... नाही नाही, खाली” हे वाक्य मेहुण्याने शीट टेकल्यानंतर उच्चारलं. शिवाय शीटबरोबर माझं डावं कोपरही टेकलं होतं. ते सोडवताना कोपरावरचे केस भिंतीकडे राहिले. राणीच्या रंगमहालात माझी तेवढीच नक्षी.

ही सगळी मापं आम्ही पहाटेच्या गारव्यात घेतली होती आणि शीट कडेला कड भिडवून अशा घट्ट बसवल्या होत्या की मधे नखसुद्धा जाऊ नये. मेहुणा त्या सांध्यांवरून बोट फिरवून स्वतःवरच खूश होत होता. दुपारी ऊन चढलं आणि भिंतीला पोट सुटलं. पत्र्यापेक्षा रबर कितीतरी जास्त फुगतं. चांगलं ऊन लागलं तर ६ फुटांची शीट सेंटिमीटरभरसुद्धा वाढते. वाढायला जागाच ठेवली नाही, तर ते बिचारं दुसरीकडे जाणार कुठे? ते आमच्याकडे आलं.

रात्री अंगणातून धप्प असा आवाज आला, थोड्या वेळाने पुन्हा आला. सकाळी बघतो तर सगळ्या शीट जमिनीवर एकमेकींच्या अंगावर रेलून पडलेल्या. नव्या रबराच्या पाठीवर एक तुळतुळीत थर असतो. कारखान्यात ते साच्यातून सहज सुटावं म्हणून लावलेलं काहीतरी. आधी पॉलिश पेपरने घासून, पुसून तो काढायचा असतो. आम्ही तो जपला होता. साच्यातून सोडवणारी वस्तू भिंतीवरूनही सोडवते, यात तिची काय चूक?

“घोडं इथंच पेंड खात होतं बघा,” मेहुणा म्हणाला. राणीने कान मागे पाडले.

मग स्क्रू. रबराला भोक पाडून ड्रिलचं बिट बाहेर काढलं की भोक पुन्हा मिटतं, जणू काही झालंच नाही. नुसता स्क्रू पिळला तर त्याचं डोकं रबरात बुडून आरपार जातं, म्हणून खाली रुपयाएवढा वॉशर लागतो. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्यायचे, कारण साधं लोखंड ओलीत गंजतं, आणि ट्रेलरमध्ये ओल कशाची असते ते सांगत बसत नाही. त्याच ओलीपायी वरची कड सीलंटने बंद करायची आणि खालची मोकळी ठेवायची, म्हणजे रबरामागे गेलेलं पाणी निथळून जातं. हे सगळं मी रात्री जागून वाचून काढलं होतं आणि मेहुण्याला शिकवत होतो. स्क्रूची लांबी तेवढी त्याच्यावर सोपवली होती.

त्याने दोन इंची आणले. “दाजी, मजबूत पाहिजे ना?”

आमच्या ट्रेलरला भिंत एकच, आतली तीच बाहेरची. शेवटचा स्क्रू पिळून मी कौतुकाने बाहेर आलो, तर ट्रेलरचं साळिंदर झालं होतं. एक स्क्रू तर खांबाच्या पोकळीतल्या वायरला भेटून आला होता. बाजूचे दिवे गेले आणि फ्यूजही गेला. मेहुणा लांबून, मान तिरकी करून बघत म्हणाला, “पण ओळीत आलेत.”

स्क्रू काढले. आखूड आणले, नव्या जागी बसवले. आता बायकोने दारातून डोकावून पाहिलं. “आत गुहा केलीत तुम्ही,” ती म्हणाली. “ही पाऊल टाकायची नाही.” तिचं बरोबर होतं. घोड्याचे डोळे उजेडातून अंधारात गेल्यावर आपल्यापेक्षा सावकाश सरावतात, आणि आम्ही एका उजळ डब्याला छतापर्यंत काळं फासलं होतं. आत दिवा बसवणं आलं. म्हणजे पुन्हा वायर, पुन्हा ड्रिल आणि पुन्हा मेहुणा.

पण त्याआधी जुनी भोकं बुजवायची होती. बाहेरून सगळी सापडेनात. रबर तर मिटून बसलेलं, तेव्हा आधी शीट सैल करून पत्र्यापासून जरा सुटी केली. मग मीच शक्कल लढवली. “मी आत बसतो, तू दारं लाव. जिथून उजेड दिसेल तिथे खडूने खूण करतो.”

दारं लागली. बाहेरून खिट्टी पडल्याचा आवाज आला आणि मिट्ट काळोख झाला. शीट थोडी बाजूला ओढली की मागे एकेक चांदणी उगवायची. तेवीस मोजल्या. दहाव्या मिनिटाला खडू संपला, विसाव्या मिनिटाला रबराच्या वासाने डोकं धरलं. हाक मारली. उत्तर नाही. मेहुण्याला फोन आला असणार, आणि फोनवर तो चालत चालत बोलतो. हाताने भिंतीवर थापा मारल्या, उशीवर मारल्यासारख्या वाजल्या. मग मात्र माझा धीर सुटला. आधी फुरफुरलो, मग टाच आपटली, आणि शेवटी आडवा दांडा दोन्ही हातांनी धरून, पाठ वळवून, दोन्ही पायांनी झाडली.

धप्प. बस, एवढंच. पत्रा असता तर सगळी आळी गोळा झाली असती.

ते ऐकू आलं फक्त राणीला. दहा हातांवर बांधली होती, तिथून तिने एक लांबलचक खिंकाळी दिली, आणि घोडीला काय झालं म्हणून मेहुणा धावत आला. तिच्या मानेवरून हात फिरवून झाला, पाणी दाखवून झालं, आणि मग कधीतरी खिट्टी सरकली. मी घामाने निथळत, डोळे मिचकावत बाहेर आलो.

“अहो दाजी, अजून आतच?” तो म्हणाला. “मग एखादी लाथ तरी मारायची!”