मेंटेनन्सचं गणित राहिलं

मुलुंडचा जुना फ्लॅट विकून कल्याण-शीळ रस्त्यावरच्या टाउनशिपमध्ये जावं का, या प्रश्नावरच्या तुमच्या लेखात दरांची तुलना चोख आहे, पण महिन्याचा खर्च राहिला. टाउनशिपमध्ये बहुतेकदा दोन मेंटेनन्स लागतात: इमारतीचा आणि रस्ते, बागा, क्लबहाउसचा. दोन्ही बहुधा कार्पेट एरियावर, म्हणजे घरातल्या वापरायच्या जागेवर. ६५० चौरस फुटांना, फुटामागे ८ रुपये धरले तर महिन्याला ५,२०० झाले, टाउनशिपचा वेगळा. सोसायटीची रक्कम दर सभासदामागे महिना ७,५०० च्या वर गेली (आणि सोसायटीची उलाढाल वर्षाला २० लाखांवर असेल) की १८ टक्के जीएसटी. करारात हे आकडे शोधा, सेल्स ऑफिसातला मुलगा सांगेल त्यावर जाऊ नका.

ताबा घेताना ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आधी, चावी नंतर. मग बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता. पाणी जाळीकडे न जाता दाराशी थबकलं तर उतार चुकलाय, आणि तो नंतर लादी उखडल्याशिवाय सुधारत नाही. लाद्यांवर नाणं वाजवून बघा. पोकळ आवाज आला तिथे खडू मारा, फोटो काढा आणि बिल्डरला लेखी द्या. रेरा कायद्याप्रमाणे बांधकामातला दोष ताब्यापासून ५ वर्षांत दाखवला तर बिल्डरने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो.

निळजे स्टेशन जवळ आहे म्हणून भुलू नका, दिवा-पनवेल मार्गावर गाड्या मोजक्याच. ऑफिसच्या वेळी डोंबिवली स्टेशनपर्यंतचा रस्ता एकदा सोमवारी सकाळी घड्याळ लावून पाहा. रविवारी साइट व्हिजिटला तो रिकामाच दिसतो.