जुन्या वऱ्हाडी कार्यक्रमाचं हसू कुठं जातं?

पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा एखादा वऱ्हाडी बोलीतला एकपात्री यूट्यूबवर लावला की लोक लगेच म्हणतात, 'आता काही मजा नाही राहिली बावा यात.' अशा वेळी विनोद शिळा झालेला असतोच असं नाही. बरेचदा रेकॉर्डिंगमध्ये समोरची माणसंच नसतात.

गावातला साउंडवाला रेकॉर्डिंग थेट मिक्सरमधून काढतो. त्यात येतो फक्त स्टेजवरच्या माइकचा आवाज, मैदानातला हशा उतरतच नाही. कलाकार 'काहून?' म्हणून थांबतो, समोर चार सेकंद हशा चालतो आणि घरी ऐकणाऱ्याला तिथे नुसती पोकळी लागते. त्याला वाटतं, गडी अडखळला. मग कुणी हौशी माणूस त्या मोकळ्या जागा कापून टाकतो. हे तर फारच वाईट, कारण वऱ्हाडीत त्या थांबण्यातच अर्धी गंमत असते.

८ नोव्हेंबर १९५६ ला वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालेलं गाडगेबाबांचं कीर्तन ऐका. बाबा विचारतात, देव किती? लोक म्हणतात, एक. मग तुमच्या गावात खंडोबा आहे का, भैरोबा आहे का, असं विचारत बाबा आकडा चढवत नेतात. हसू लोकांच्याच उत्तरातून फुटतं. आज ऐकणाराही मनात 'आहे' म्हणतो आणि सापडतो. म्हणून ते टिकलं.

पोळ्याच्या झडत्या, म्हणजे बैलांच्या तोरणाखाली म्हणायची चुरचुरीत कवनं, वेगळ्या तऱ्हेने टिकल्या. शेवटचं 'एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव' ठरलेलं, मधल्या ओळीत मात्र यंदाचा कापसाचा भाव, यंदाचा सरपंच. नावं दर पोळ्याला बदलतात. एकपात्री एकदा रेकॉर्ड झाला की त्यातली नावं तिथेच अडकून बसतात.

जुनी संहिता पुन्हा उभी करायची असेल तर आधी ती हातानं उतरवून काढा. जिथे हशा यायला हवा तिथे खूण करा आणि नाव काढून ते वाक्य मोठ्यानं वाचा. नाव काढताच ते पडलं तर ती त्या वर्षीची बातमी होती, सोडून द्या. एसटीडी बूथवरचा विनोद समजावायला दोन वाक्यं लागली की तोही गेला. पण चुकाऱ्याची, म्हणजे विकलेल्या कापसाच्या पैशाची, वाट पाहणारा शेतकरी अजून हसवतो. १९७२ ला सुरू झालेली सरकारी एकाधिकार कापूस खरेदी योजना केव्हाच गुंडाळली गेली, वाट पाहणं कुठं संपलं? बायकोचा रंग, कुणाचं तोतरेपण, कुणाची जात यांवरचे विनोद मात्र आज स्टेजवर घेऊच नयेत. जुन्या रेकॉर्डिंगमधून ते कापूही नयेत, तेव्हा लोक कशावर हसत होते हेही कळलं पाहिजे.

कॅसेट असेल तर वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवा. आतला फेल्टचा तुकडा गळाला असेल तर फीत स्क्रूवाल्या दुसऱ्या खोक्यात घाला. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची, त्यामुळे बाजू बदलताना मधलं बोलणं हमखास तुटलेलं असतं. दुसऱ्या कुणाकडची कॅसेट मिळाली तर तिथून जोडा. फाइल डब्ल्यूएव्हीमध्ये ठेवा. खरखर काढणारं सॉफ्टवेअर जपून वापरा, ते दूरच्या हशालाही खरखर समजून खाऊन टाकतं.

आणि या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, नवा कार्यक्रम ठेवत असाल तर मिक्सरच्या तारेवर विसंबू नका. दुसरा रेकॉर्डर तिसऱ्या-चौथ्या रांगेजवळ बांबूला सहा-सात फुटांवर बांधा, तोंड लोकांकडे, भोंग्यापासून लांब. सुरू करताना स्टेजच्या माइकसमोर एक जोरदार टाळी वाजवा. पुढे दोन्ही रेकॉर्डिंग त्या टाळीवर जुळवता येतात.