गप्पा मारायचा कोर्स

आज पोरीच्या अ‍ॅडमिशनसाठी सोलापुरातल्याच एका कॉलेजात गेलो होतो. गेटवर भला मोठा फ्लेक्स: आयटी, सायबर सिक्युरिटी, शंभर टक्के प्लेसमेंट. दीड तास लाइनीत उभं राहिल्यावर टेबलावरच्या गृहस्थांनी मार्कलिस्ट बघितली. "82 टक्के आहेत की ओ! मग सायकॉलॉजी कशाला? कौन्सेलिंग म्हणजे गप्पा मारायचा कोर्स. सायबरला टाका, पॅकेज मिळंल." मागचे दोघं-तिघं पालक हसले. पोर खाली मान घालून उभी. फॉर्म न भरताच परत आलो. तेव्हापासून डोकं तापलंय.

आमच्या आप्पांचं तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. बाकीच्यांना सांगतो, लपवायचं काय त्यात. मोहोळ तालुक्यात झेडपीच्या शाळेत 31 वर्षं मास्तर होते. फेब्रुवारीत त्यांना व्हिडिओ कॉल आला. समोर खाकी वर्दी, मागं पोलीस ठाण्यासारखी भिंत. "तुमच्या आधारवर सिम निघालंय, मनी लाँड्रिंगची केस आहे, फोन कट केलात तर अटक." आम्ही सगळे कामावर. आप्पा फोन तांब्याला टेकवून पाच तास त्याच्यासमोर बसून राहिले. "साहेब, पाणी पिऊ का?" असं त्या चोराला विचारून पाणी प्याले. मग बँकेत जाऊन 2 लाख 80 हजार पाठवून आले.

शेजारचा पोरगा आयटी शिकलेला. त्यानं आल्या आल्या आधी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला, म्हणून 60 हजार तरी पुढच्या खात्यात गोठले. त्याचे उपकार विसरणार नाही. सायबर शिकलेली पोरं लागतातच, कोण नाही म्हणतंय? पण त्याच पोरानं आप्पांचा फोन उलटापालटा करून तपासला. व्हायरस नाही, पासवर्ड फुटलेला नाही, ओटीपी कुणाला दिलेला नाही. फोन धडधाकट. चोर शिरला तो आप्पांच्या भीतीतून. जन्मात पोलीस ठाण्याची पायरी न चढलेला मास्तर, अब्रूला जपणारा. चोरांनी बरोबर तेवढंच हेरलं.

आणि 'डिजिटल अरेस्ट', म्हणजे अशी व्हिडिओ कॉलवरची अटक, असं कायद्यात काही नसतं, हे आप्पांना माहीत होतं! पंतप्रधानांनी 2024 च्या ऑक्टोबरात 'मन की बात'मध्ये सांगितलं, ते दुसऱ्या दिवशी पेपरात आप्पांनीच आम्हाला वाचून दाखवलं होतं. तरी पाणी विचारून प्याले. माहिती असूनही माणूस असा का गोठतो, हे शिकवायचं कुणी? मशीन न फोडता माणसालाच घाबरवून, भुलवून फसवायचं, सोशल इंजिनिअरिंग म्हणतात ना याला? तो काय एका धड्यात उरकायचा विषय आहे? आयटीच्या पोरांना माणसाची भीती शिकवा आणि कौन्सेलिंगच्या पोरांना यूपीआय शिकवा, एकाच वर्गात बसवून. पण नाही, एकाला फ्लेक्स आणि दुसऱ्याला हसायचं.

पैसे गेले ते गेले. त्यानंतरचं जास्त वाईट होतं. आप्पा जेवेनात. सिद्धेश्वराच्या देवळात जाणं बंद. "मी मास्तर असून," एवढंच म्हणायचे आणि भिंतीकडं तोंड करून पडायचे. मी चिडायचो त्यांच्यावर, खोटं कशाला बोलू. पोरीनंच कुठूनतरी शोधून 14416 लावला. टेलि-मानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास. पलीकडच्या मुलीनं आप्पांशी मराठीत चाळीस मिनिटं बोलणं केलं. त्या रात्री आप्पांनी अर्धी भाकरी खाल्ली. ह्याला गप्पा म्हणतात?

मान्य आहे, कौन्सेलिंगच्या नावावर सहा आठवड्यांची सर्टिफिकिटं विकणारे लई झालेत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर एम.ए.नंतरही शिकावं लागतं, आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते, पैसा उशिरा दिसतो. माहीत आहे सगळं. पण पॅकेजवाली पोरं हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जातात, आणि इथं घरात फोनसमोर आप्पा एकटेच असतात.

घरी आल्यावर पोरीनं त्यांना टेबलावरचं सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, सोमवारी मी पण येतो, बघू काय म्हणतो तो. चार महिन्यांत आप्पा स्वतःहून पहिल्यांदा घराबाहेर पडायचं म्हणाले. सोमवारी दहाला जातोय आम्ही तिघं, त्याच टेबलासमोर.