‘वनस्पतीच आहे, अ‍ॅलर्जी कशी होईल?’ : एका फिरत्या संदेशाला उत्तर

अ‍ॅलर्जीवरच्या वनौषधींचा एक संदेश मोबाइलवर पुन्हापुन्हा येतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : अ‍ॅलर्जी रसायनांनी होते, वनस्पतींनी नाही. शंका वाटलीच तर औषध हातावर लावून बघा. लोक वर्षानुवर्षं घेतात, कुणाला काही होत नाही. सुरुवातीला पुरळ उठलं तर घाबरू नका, शरीरातलं विष बाहेर पडतंय. आणि वनौषधी सुरू केली की गोळ्या, पंप बंद करा. पाठवणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण हा सल्ला ज्यांच्यासाठी लिहिलाय, त्यांनाच त्याचा सर्वांत जास्त धोका आहे. म्हणून त्यातलं एकेक वाक्य तपासतो.

‘अ‍ॅलर्जी रसायनांनी होते, वनस्पतींनी नाही.’ परागकण, शेंगदाणे, धुळीतले सूक्ष्म किडे, मधमाशीचा डंख : अ‍ॅलर्जीची ही नेहमीची कारणं. यातलं कारखान्यात काय तयार होतं? शरीराची प्रतिकारयंत्रणा पदार्थ कुठून आला ते बघत नाही, बहुतेक वेळा त्यातली प्रथिनं ओळखते. आणि एका कुळातल्या वनस्पतींची प्रथिनं एकमेकींशी मिळतीजुळती असतात. कॅमोमाईल, इचिनेशिया, फीवरफ्यू, आर्निका ही सगळी सूर्यफुलाच्या कुळातली. रॅगवीड, मगवर्ट आणि गाजरगवत हीसुद्धा त्याच कुळातली, आणि त्यांच्या परागकणांनी शिंका आणि दमा उसळतो. त्यामुळे मगवर्टची अ‍ॅलर्जी असलेल्या काही जणांना कॅमोमाईलच्या चहाने जीवघेणी रिअ‍ॅक्शन आल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत आहे. मेथी शेंगदाण्याच्याच कुळातली, म्हणून शेंगदाणा न चालणाऱ्या काहींना मेथीही चालत नाही. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०१२ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना तोंडावाटे इचिनेशिया देऊ नये असं सांगितलं, ते अ‍ॅलर्जीच्या धोक्यामुळेच. रॉयल जेली, म्हणजे मधमाश्या तयार करतात तो पदार्थ, वनस्पती नव्हे, पण विकली जाते याच औषधांच्या रांगेत. ऑस्ट्रेलियात तिच्या लेबलवर दमा आणि अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी गंभीर रिअ‍ॅक्शनचा, क्वचित मृत्यूचाही, इशारा छापावा लागतो.

‘हातावर लावून बघा.’ त्वचेला लागून होणारी अ‍ॅलर्जी आणि पोटात गेल्यावर होणारी अ‍ॅलर्जी या वेगळ्या गोष्टी आहेत. मनगटावर काही उठलं नाही म्हणजे काढा पचेल, असा अर्थ निघत नाही. लावायच्या तेलांचंही हेच. टी ट्री तेल हवेने जुनं होत जातं तसं त्वचेला जास्त झोंबतं, मग आज नव्या बाटलीतला थेंब लावून काही महिन्यांनंतरच्या त्याच बाटलीची खात्री कशी द्यायची?

‘वर्षानुवर्षं घेतात, काही होत नाही.’ बहुतेकांना होत नाही, हे खरं आहे. पण अ‍ॅलर्जी अशीच तयार होते : आधी शरीर गुपचूप ओळख करून घेतं, लक्षणं नंतर कधीतरी दिसतात. इसबगोलाची भुकटी रुग्णांसाठी कालवता कालवता श्वासावाटे आत गेल्याने काही परिचारिकांना तिची अ‍ॅलर्जी जडली, आणि पुढे इसबगोल पोटात गेल्यावर तीव्र रिअ‍ॅक्शन आली.

आता ते विषाचं वाक्य. सगळ्या संदेशात मला हेच सर्वांत घातक वाटतं, कारण बाकीची वाक्यं माणसाला फक्त औषध घ्यायला लावतात, हे वाक्य त्रास सुरू झाल्यावरही थांबू देत नाही. अंगावर पित्त उठतं तेव्हा कोणतंही विष बाहेर पडत नसतं. त्वचेतल्या विशिष्ट पेशी हिस्टामिन नावाचं द्रव्य सोडतात, रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं आणि गांधी येतात. टाकाऊ द्रव्यांची विल्हेवाट यकृत आणि मूत्रपिंडं लावतात, त्यासाठी पुरळ लागत नाही. आज पुरळावर थांबलेली रिअ‍ॅक्शन पुढच्या डोसाला तिथेच थांबेल, असं कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. ओठ किंवा जीभ सुजणं, आवाज बसणं, धाप लागणं, वारंवार उलट्या, चक्कर यांपैकी काहीही दिसलं तर घरी वाट बघू नका. यावर पहिला उपाय मांडीच्या बाहेरच्या बाजूला अ‍ॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन, आणि त्याची जागा घेईल अशी एकही वनस्पती नाही. अ‍ॅलर्जीच्या गोळीने खाज कमी होते, मिटत चाललेला घसा उघडत नाही. रुग्णाला आडवं झोपवा, श्वास घ्यायला जड जात असेल तर बसू द्या, पण चालवत नेऊ नका; एकदम उभं केल्याने रक्तदाब कोसळू शकतो. औषधाचं पाकीट सोबत घ्या.

‘गोळ्या, पंप बंद करा.’ वनस्पतींत ताकद नाही असं मी म्हणत नाही. बटरबरच्या पानांचा अर्क परागकणांच्या सर्दीवर सेटिरिझिन या अ‍ॅलर्जीच्या गोळीच्या जवळपास उपयोगी ठरल्याचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. पण ही वनस्पतीही सूर्यफुलाच्याच कुळातली, शिवाय तिच्यात यकृताला अपाय करणारी द्रव्यं असतात. ‘हर्बल’ मलमाने इसब आठवड्यात गेला असं कुणी सांगितलं की मला १९९९ ची ब्रिटनमधली तपासणी आठवते. चिनी वनौषधींची म्हणून दिलेली अकरा मलमं तपासली, आठांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड निघालं. स्टेरॉइडला घाबरून जे लोक त्या मलमाकडे वळले असतील, त्यांच्या अंगाला ते नकळत लागतच होतं.

दम्याचा रोजचा पंप श्वासनलिकेची सूज दाबून ठेवतो. तो सोडल्यावर काही दिवस बरं वाटतं, त्या दिवसांचं श्रेय वनौषधीला जातं, आणि सूज आत वाढत राहते. वनौषधी घ्यायचीच असेल तर पंप चालू ठेवा. वनस्पतीचं शास्त्रीय नाव, तिचा कोणता भाग वापरलाय आणि तुम्हाला आजवर कशाकशाची अ‍ॅलर्जी झाली, हे डॉक्टरांना आधी दाखवा. पाकिटावर वनस्पतीचं नावच नसेल तर ते औषध घेऊ नका.