होय, बादलीच

गेल्या लेखात मी खोल पाण्यात गरवण्यासाठी, म्हणजे गळानं मासे धरण्यासाठी, रिळावर दोरी कुठली घ्यावी आणि कशी भरावी ते लिहिलं होतं. त्यावर ‘एक जुना गरवणारा’ या नावानं प्रतिक्रिया आली. थोडक्यात ती अशी: २५ वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) पाण्याला ३०० मीटर दोरी कशाला, आणि ते मीटर नव्हेतच, खोक्यावर यार्ड लिहिलेले असतात, ब्रेडेडखाली (विणलेल्या दोरीखाली) तंगूस (नायलॉनची एकेरी दोरी) भरणं हे दुकानदारांचं खूळ, आमच्या आजा-पणजांनी तांबोश्या मासळी हातानं काढली, आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं, “पुण्यात बादलीत रीळ बुडवून लोकांना दर्या शिकवू नये.”

नमस्कार.

तुमचं जे बरोबर आहे ते आधी सांगून टाकतो. यार्डच आहेत. ३०० यार्ड म्हणजे २७४ मीटर. घाईत टंकलं, चूक माझी, लेखात दुरुस्त केली आहे. त्या २६ मीटरांपायी कुणाचा मासा गेला असेल तर माफी मागतो.

आता बादली. पहिली गोष्ट, मी रीळ बुडवत नाही. दुकानातून दोरी ज्या फिरकीवर येते ती फिरकी भिजत ठेवतो. लेखात तसं स्पष्ट लिहिलंय, फोटोही आहे. टोमणा मारायचाच असेल तर निदान वाचून मारावा.

दुसरं, पुणे. माझं घर देवगडचं. बाबा जाड तंगूस फळीला गुंडाळून न्यायचे, त्यांच्या उजव्या तर्जनीवर त्याचा पांढरा चर शेवटपर्यंत होता. पोट पुण्यात भरतं म्हणून मी पुण्यात राहतो. आणि लेख लिहिला जुलैत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, हे जुन्या गरवणाऱ्याला माहीत असायला हरकत नाही. त्या दोन महिन्यांत दर्यावर जाऊन मी काय शिकवणार होतो? दोरी भरायची वेळ हीच, आणि ती घरातच भरतात.

ती तशी का भरायची, हे मला २०१६च्या ऑक्टोबरात कळलं. नवं रीळ, नवी पीई ३ (हा जाडीचा आकडा) ब्रेडेड, दुकानातूनच भरून आणलेली. दुकानाचं नाव घेत नाही, माणूस भला होता, गप्पा मारत मारत दोन मिनिटांत भरून दिली. २२ वाव पाण्यात, खडपाच्या कडेला, जिग, म्हणजे धातूचं आमिष, तळाला लागून दोन हात वर आली आणि ओढली गेली. पहिले दहा-पंधरा मीटर ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तशी दोरी सोडणारा रिळाचा ब्रेक, छान गायला. मग एकदम गप्प. दोरी थांबली, काठी वाकली आणि फाडकन आवाज. गोबरा होता की मोडसा, कळलंसुद्धा नाही. स्पूल, म्हणजे रिळावर दोरी गुंडाळतात तो भाग, पाहिला तर वरचा पदर खालच्या सैल पदरांत रुतून बसलेला, सुरीनं चीर द्यावी तसा. होडीवर काका होते. म्हणाले, “मेल्या, दोरी भरलंस काय जानवा गुंडाळलंस?”

हिशेब सोपा आहे. दुकानात दोरी भरली गेली बोटांच्या चिमटीत, म्हणजे फार तर पाव किलोच्या ताणानं. माशानं ओढली सहा किलोच्या ड्रॅगवर. ब्रेडेड बारीक, गुळगुळीत आणि ताणाला जवळजवळ न लांबणारी. सैल पदर दिसला की ती त्यात शिरणारच. तंगूस जाड असतो, लांबतो, म्हणून तो असा रुतत नाही.

तर माझ्या पुण्याच्या न्हाणीघरात काय चालतं ते सविस्तर ऐका. फिरकी तासभर पाण्यात. मग तिच्यातून पेन्सिल घालून ती मुलीच्या हातात. दोरी ओल्या पंच्याच्या घडीतून काठीच्या पहिल्या कडीत आणि तिथून रिळावर. पंचा मी डाव्या हातात आवळतो. किती आवळायचा हे कळायला पहिल्या वेळी सामान तोलायचा हुकाचा काटा लावला होता, किलो-दीड किलो येईल इतका. ओलं का? ब्रेडेडचा धागा पॉलिएथिलीनचा, दीडशे अंशांच्या आसपास वितळतो आणि त्याच्या बऱ्याच आधी कमजोर होतो. कोरड्या फडक्यातून आवळून ओढलीत तर बोटाला चटका बसतो, तोच दोरीलाही बसतो. पाणी तो चटका घेतं आणि पदर एकमेकांवर दाबून बसतात. भरून झाल्यावर स्पूलवर अंगठा दाबायचा. कणकेसारखा रुतला तर सगळी उलगडायची आणि पुन्हा. मी एकदा तीनदा भरली होती. मुलगी पेन्सिल टाकून निघून गेली.

हे हास्यास्पद दिसतं, मान्य. पण त्यानंतर दोरी रुतून मासा गेलेला नाही. इतर कारणांनी गेलेत, पुष्कळ.

खाली तंगूस भरण्याबद्दल: टेप लावूनही चालतं. मी कुठं नाही म्हटलं? काही स्पूलना रबराची पट्टी असतेच. काहीच न लावता गुळगुळीत धातूवर ब्रेडेड बांधलीत तर अख्खा गठ्ठा स्पूलवर गोल फिरतो आणि ड्रॅग कितीही आवळला तरी दोरी सुटतच राहते. एवढंच माझं म्हणणं होतं. त्यात दुकानदार कुठून आला?

२५ वाव म्हणजे सुमारे ४५ मीटर, हे गणित मलाही येतं. भांगाच्या दिवशी, भरती-ओहोटीची ओढ कमी असते तेव्हा, दोरी सरळ उतरते. उधाणाला, ओढ जोराची असते तेव्हा, ती तिरपी जाते आणि तळ लागेपर्यंत ऐंशी-नव्वद मीटर सहज सुटते. पण दोरी जास्त भरण्याचं खरं कारण वेगळंच आहे. पूर्ण भरलेल्या स्पूलचा व्यास समजा ६० मिलिमीटर. दोरी सुटत जाऊन तो ४५वर आला, की बटणाला हात न लावता सहा किलोचा ड्रॅग आठ किलोचा होतो. कमी दोरी भरणारा ही शिक्षा पहिल्या धावेपासून भोगतो, शिवाय प्रत्येक फेऱ्याला दोरी कमी गोळा होते ती वेगळीच. काठापासून दीड-दोन मिलिमीटर मोकळे सोडा. त्याहून वर भरलीत तर गुंते, आणि तेही माझ्या नावानं. तुम्हाला १०० मीटरांत भागतं तर भागवा, खाली तंगूस जास्त भरा. पैसे तुमचेच वाचतील.

राहिले आजे-पणजे. त्यांच्या हातात रीळ नव्हतं, साहेब. तंगूस होडीत सैल वेटोळ्यांत पडलेला असायचा, त्यात रुतायचं कशात? लांबणारा तंगूस धक्का खायचा आणि ड्रॅगचं काम बोटं करायची. बाबांचा तो चर त्याचाच. माझ्या बाबांच्या कलेचा पुरावा माझ्याच विरुद्ध वापरता, याचं जरा वाईट वाटलं. लिहिणार नव्हतो, लिहिलं.

यार्डांची दुरुस्ती लेखात केली आहे आणि खाली ‘एका वाचकाने लक्षात आणून दिले’ असं लिहिलंय. नाव टाकलं असतं, पण तुम्ही ते दिलेलंच नाही.