मी कुणाचाही व्हेंडर नाही

परवा फोनवर एकाने मला 'व्हेंडर' म्हटलं, ते अजून डोक्यातून जात नाहीये. हिंजवडीतली मोठी कंपनी, नाव नको. त्यांच्याकडून पेमेंट दोनदा जात होतं आणि आत कुठेतरी माझी आरपीसी लायब्ररी (दूरच्या मशीनकडून काम करून घेणारा तयार कोड), जी मी रात्री जेवणं झाल्यावर फुकट सांभाळतो. "सर, प्रोडक्शन इशू आहे, ईटीए द्या." अरे, कधी दुरुस्त होईल याचा ईटीए कसला? एमआयटी लायसन्स आहे, त्यात चक्क कॅपिटलमध्ये लिहिलंय की जशी आहे तशी घ्या, कसलीही हमी नाही. वाचतंय कोण.

मी तेव्हा कर्वे रोडला अमृततुल्यात होतो. रेंज नाही म्हणून ओरडत होतो, त्यामुळे "रिट्राय तुम्ही चालू केलाय, डीफॉल्टला तो बंदच असतो!" हे अख्ख्या दुकानाला कळलं. (रिट्राय म्हणजे उत्तर नाही आलं की तोच निरोप आपोआप परत पाठवणं.) समोरच्या काकांनी पेपरची घडी घातली. संपलं.

"काय करता आपण?"

म्हटलं, एका मशीनवरचा प्रोग्राम वेबवरून दुसऱ्या मशीनवरचं फंक्शन बोलावतो, जणू ते शेजारीच आहे. तो निरोप नेणारं-आणणारं सॉफ्टवेअर माझं.

"निरोप कशात घालून?"

"१९९८ मध्ये एक्सएमएल-आरपीसी आलं, तेव्हा एक्सएमएलमध्ये. आता जेसॉनमध्ये."

"म्हणजे पाकीट बदललं, टपाल तेच." काकांची अख्खी नोकरी सिटी पोस्टात, काउंटरवर. "बरं, पलीकडच्याने काम केलं हे कळतं कसं?"

"उत्तर येतं."

"आणि नाही आलं तर?"

मी गप्प. कारण सगळी गोची तिथेच आहे. १९८४ मध्ये झेरॉक्समधल्या बिरेल आणि नेल्सन यांनी आरपीसीवर पेपर लिहिला तेव्हाही हीच होती. निरोप जाताना हरवला की उत्तर येताना, हे इकडे बसून कळत नाही.

"पोचपावती आली नाही म्हणून कुणी दुसरी मनीऑर्डर करतं का?"

"ते करतात, काका."

"मग अडाणी आहेत. प्रत्येक मनीऑर्डरला नंबर असतो. तोच नंबर परत आला की पैसे द्यायचे नाहीत, विषय संपला."

हेच, अगदी हेच मी रीडमीमध्ये, म्हणजे लायब्ररीसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये लिहिलंय, उदाहरणासकट! (जेसॉन-आरपीसीत आयडी असतो, पण तो कुठल्या कॉलचं कुठलं उत्तर हे जुळवायला. तोच आयडी परत आला तर काम परत करू नका असं स्पेक, म्हणजे त्याची नियमावली, सांगत नाही, ते ज्याचं त्याने बघायचं.) लाखांत पगार घेणाऱ्या टीमला जे कळलं नाही ते काकांना अर्ध्या कटिंगमध्ये कळलं. मग मात्र गाडी घसरली. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं हे त्यांना अजिबात मान्य नाही आणि त्याचा जाब बहुतेक मीच द्यायचा होता.

"तर पगार किती?"

"काही नाही."

"मानधन?"

"नाही."

"मग फोन का उचललात?"

इथे माझाच टाइमआऊट झाला. काका उठले, "सल्ला दिलाय, चहा तुमच्याकडे" म्हणाले आणि गेले. या सगळ्या प्रकरणात कामाचे पैसे वसूल करणारा हा एकच माणूस.

गंमत सोडा. लायब्ररी वापरायला सगळे, पण पॅच, म्हणजे दुरुस्त केलेला कोड, कुणी पाठवत नाही. येतात ते सल्ले. "जीआरपीसी का नाही घेत?" (ते गूगलचं आरपीसी.) अरे ब्राउझरला ते थेट बोलताच येत नाही, मध्ये दुभाषा म्हणून प्रॉक्सी लागते, ती कोण चालवणार, तुझा मामा?

रात्री त्याच कंपनीकडून एक्सेल शीट आली, 'व्हेंडर असेसमेंट'. कर्ल हे नेटवरून डेटा आणायचं-पाठवायचं फुकट सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या डॅनियल स्टेनबर्गलाही जानेवारी २०२२ मध्ये एका बड्या कंपनीने अशीच प्रश्नावली धाडली होती, २४ तासांत उत्तर द्या म्हणून. तो म्हणाला, आधी सपोर्ट काँट्रॅक्ट करा, मग सांगतो. मला इतकं धीराने वागता येत नाही, मी शीट भरली. डिझास्टर रिकव्हरी साइट: सासुरवाडी, धायरी. सपोर्ट टीम: मी. एस्कलेशन: बायको. दिरंगाई झाल्यास दंड: किमतीच्या दहा टक्के.

आज सकाळी मेल आलाय. बाकी सगळं ठीक आहे, पण त्यांच्या पॉलिसीप्रमाणे दंड किमान पंधरा टक्के लागतो, कृपया सुधारून पाठवा.

पाठवलं.