मावशी, लोणारचं पाणी मी आणणार नाही

मेहकरला जातोय म्हटल्यावर मावशीचा फोन आला. "येताना लोणारच्या तळ्याचं दोन बाटल्या पाणी आण रे. नातीच्या इसबाला लावायचंय." पाठोपाठ तो फॉरवर्ड आला, जो गेल्या महिन्याभरात मला चार ग्रुपांवर भेटला आहे. नासा चकित, जगातलं तिसरं मोठं विवर, तळ नसलेलं तळं, होकायंत्र बंद पडतं, पाणी रक्तासारखं झालं म्हणजे कलियुगाची खूण, सरकार खरं लपवतंय, सिंदखेडराजापर्यंत भुयार, मेहकरचा बालाजी याच तळ्यातून वर आला. आणि शेवटी, ठळक अक्षरांत: 'कोणताही त्वचारोग सात दिवसांत बरा.'

बाकीची करमणूक चालू द्या, पण आधी हे शेवटचं बघू, कारण ते पोरीच्या अंगावर जाणार आहे. लोणारचं पाणी खारं आहे आणि भयंकर अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट टोकाचं, आहे. सामू (पीएच, आम्ल की अल्क हे सांगणारा आकडा) दहाच्या आसपास. निरोगी कातडीचा सामू पाचच्या जवळ, म्हणजे किंचित आम्ल. सामूच्या मोजपट्टीवर दर अंकाला दहापट फरक पडतो, म्हणजे पाचाचे दहा झाले की हा फरक लाखपट होतो. इसबात कातडीचा वरचा थर आधीच फाटलेला असतो. त्यावर हे पाणी चोळलं की पोरगी किंचाळेल, एवढाच काय तो चमत्कार. हे काही आजचं ज्ञानही नाही. अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त लोणारबद्दल लिहिताना या भागात काच आणि साबण बनवायला लागणारं सगळं मिळतं अशी नोंद केली आहे. सोळाव्या शतकातल्या माणसाला हे साबणाचं सामान आहे एवढं कळत होतं. आपण ते उघड्या जखमेवर लावायला निघालोय.

एक कबूल करतो, नाइलाजाने. लोणारला लोक पिढ्यान्‌पिढ्या अंघोळ करत आलेत हे खरंच आहे. पण ते धारेवर. विवराच्या काठावर गोमुखातून पडणारं ते पाणी गोडं आहे आणि खालच्या तळ्याशी त्याची बरोबरी नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने दोन्ही एकाच बाटलीत भरलीत.

आता 'तळ नाही'. 1973 साली 'सायन्स' या नियतकालिकात लोणारवर शोधनिबंध छापून आला. त्यासाठी तळ्याच्या बुडाशी छिद्रं पाडून नमुने काढले होते. सुमारे 100 मीटर गाळ, त्याखाली फुटलेला, चिरडलेला बसाल्ट, म्हणजे लाव्ह्याचा काळा दगड. त्या बसाल्टमध्ये मास्केलिनाइट सापडलं, म्हणजे जबर आघाताने स्फटिकाची झालेली काच. ज्वालामुखीच्या तोंडात ती तयार होत नाही. तेव्हा तळ आहे, आणि उल्कापातही सिद्ध आहे. त्याच ओघात 'सरकार खरं लपवतंय' हेही निकालात निघतं. लपवायचं असतं तर जगातल्या सर्वांत वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकांपैकी एकात कोणी छापलं नसतं.

तिसरं मोठं विवर? लोणारचा व्यास 1.8 किलोमीटरच्या आसपास. मध्य प्रदेशातलं ढाला त्याच्या कितीतरी पट मोठं आहे, मेक्सिकोतलं चिक्शुलुब तर शंभर किलोमीटरहून मोठं. लोणारचं मोल बसाल्टात पडलेलं आणि इतकं नीट टिकलेलं विवर म्हणून आहे. तेवढं पुरेसं नाही का?

होकायंत्र: बसाल्टात मॅग्नेटाइट हे चुंबकी खनिज असतं, त्यामुळे एखाद्या खडकाला अगदी चिकटवून धरलं तर सुई हलते. अर्धा गुण देतो. बंद वगैरे काही पडत नाही.

रक्तासारखं पाणी म्हणजे जून 2020. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि मिठात वाढणारे हॅलोआर्किया सूक्ष्मजीव माजले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून गुलाबी रंग त्यांचाच असल्याचं सांगितलं. कलियुगाचा काही संबंध नाही. रंग गेलासुद्धा.

भुयारावर वेळ घालवत नाही. महाराष्ट्रातल्या प्रत्येक गढीखाली भुयार असतं आणि ते नेहमी 'आता बुजलंय'. सिंदखेडराजाला लखुजी जाधवांचा वाडा आहे, मोती तलाव आहे, जिजाऊंचं जन्मस्थान आहे. त्या गावाला लोणारचं भुयार जोडून मोठं करायची गरज नाही. शारंगधर बालाजीची मूर्ती 1888 साली मेहकरातच जमिनीतून निघाली, हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मावशीचं सासर मेहकरचं, तिनेही पुढे ढकललं हे विशेष.

आणि हो, 2000 पासून तो परिसर अभयारण्य आहे, 2020 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथून परवानगीशिवाय बाटल्या भरून आणायच्या नसतात.

हे सगळं फोनवर सांगितलं. मावशीने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं, तळ्याचं नको. धारेचं आण."

मी त्वचेच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, शनिवारची.